दुसऱ्या कराराची साक्ष

…न्हाई मॅडम, सहीचं मागनं बघू, आदी मला उमगू द्या. सुप्याजवळचा तो रंगाचा कारखाना सरकारनं बंद केला, तवा त्या परदेशी कंपनीनं तिच्या देशासंगं आपला जो गुंतवणुकीचा करार हाय, त्याच्यावर परदेशातल्या पंचांपुढं सरकारवर दावा लावला. मी तवा सरपंच — कलेक्टर कचेरीत व्हिडिओच्या पडद्यासमोर बसून शपथेवर बोलले, की नासक्या पान्याची बाटली कारखान्याशेजारच्या रंगुबाईच्या विहिरीतनंच भरली. सरकार जिंकलं, गावानं पेढे वाटले! आन आता तुमी सरकारच्या वकील म्हनून येता, सांगता, कंपनीचे भागीदार दुसऱ्याच देशातले, त्या देशासंगं आपला येगळा करार, त्याच्याखाली त्यांनी परत दावा लावलाय. कारखाना तोच, विहीर तीच, पंच मातर नवे — आन पहिला निकाल त्यांना बांधत न्हाई. व्हय ना? मग जुनीच साक्ष दाखवा की त्यांना. उलटतपासनी नव्यानं? आन ही यादी कुनाची — कंपनीच्या साक्षीदारांची? कल्यान? आमचा कल्यान, गेटवरचा वॉचमन?

घाबरले न्हाई वं. पानी खराबच हुतं. रंगुबाईच्या दोन म्हशी तडफडून मेल्या, तिच्या हाताची सालं निघायची — ते काय खोटं? न्हाई. पन बंदीच्या आदी तपासनीला नमुना पंचायतीनं पाठवायचा हुता, आन आदल्या दिवशी लई पाऊस झाला. विहीर काठोकाठ, पानी काचंवानी. असली बाटली पाठवून काय निघालं असतं? काय बी न्हाई. म्हनून मी ती — कारखान्याच्या आतल्या नाल्यातनं भरली. कल्याननं गेट उघडलं. चिठ्ठीवर लिवलं, रंगुबाईची विहीर… हे लिवू नका तुमी.

कारखान्यासंगं त्याची नोकरी गेली. पंचायतीत लावते म्हनले हुते, जमलं न्हाई. मागल्या खेपेला त्याला कुनी इचारलंच न्हाई. तुमी परत साक्षीसाठी येनार कळलं, म्हनून काल त्याच्या दारी गेल्ते. बायकोनं दार अर्धंच उघडलं — म्हनली, परवा गाडी आली, त्यांना घेऊन गेली, फोन लागत न्हाई.

आता खरं सांगितलं तर रंगुबाई खोटी पडती, म्हशींसकट. न्हाई सांगितलं, तर कल्यान सांगनार. काय करू मी? बोला की.

लिवू नका म्हनले, पन तुमी लिवतच नव्हता. पेनाला टोपन कवाच लावलंय. नवल बी वाटलं न्हाई तुमाला… म्हंजी ठाव हुतं? ठाव हुतं, आन तरी तीच साक्ष टाईप करून सहीला आनली?

उचला ते कागद. न्हाई, चहा न्हाई. गाडी उभी हाय तुमची — निघा.