सूज उतरेपर्यंत

हॅलो? … हो, मीच. त्यांची बायको. … सिस्टर, तुम्हीच का? बरं झालं बाई. मघापासून फोन मांडीवर घेऊनच बसलेय.

नाही, नाही, आधी आकडा सांगा… डोक्यातल्या दाबाचा हो… अठरा? म्हणजे वीसच्या आत आहे ना? … हो, वरखाली होतो, माहितीय. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय मला. उद्या सकाळपर्यंत वीसच्या आत राहिला तर ठीक, नाहीतर कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून द्यायची… हो. तेवढं टळलं म्हणजे मिळवली.

माझं काय घेऊन बसलात? ताप आहेच. खोकलाही. म्हणून तर परवा तुमच्या आयसीयूच्या दारातून परत पाठवलंत मला… छे, राग कसला. त्यांना माझ्यापासून काही लागलं म्हणजे आणखी घोळ.

जेवले हो. … बरं, नाही जेवले. तुम्हाला कसं कळतं?

सिस्टर, एक विचारू? डॉक्टर म्हणाले, मेंदूत राखणीच्या पेशी असतात, एरवी आपल्या गुपचूप पडलेल्या. मार बसला की खडबडून जाग्या होतात, मेलेलं-तुटलेलं गिळून साफ करतात, आणि वर रक्तातल्या पेशींनाही हाका मारतात. त्या सगळ्या धावून आल्या म्हणून सूज वाढली… बरोबर ना? मी म्हटलं, मग हाकलून द्या ना त्यांना. तर म्हणाले, पडझड आवरलीच नाही तर भरून यायचं कसं? आणि सगळ्यांना एकदम दाबून टाकणारं औषध डोक्याच्या माराला उलट घातक… हो ना. म्हणजे वाट बघायची. त्यात माझा हात कोण धरणार?

बरं, धराल का आता फोन त्यांच्या कानाशी? रोज त्रास देते तुम्हाला… उजव्या हां. डाव्यानं कमी ऐकू येतं, कारखान्यात होते तेव्हापासून… धरलात?

…

अहो… मी आहे. ऐकताय ना?

आज घर रिकामं झालं बघा. वन्सं कालच गेल्या, माझी बहीण मुलांच्या परीक्षा म्हणून गेली, भाऊजी आज सकाळी. तुम्ही शिडीवरून पडलात नि दुसऱ्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो मदतीला. एक पुसतोय, एक घासतोय, एक चहा टाकतोय, आणि मला माझ्याच स्वयंपाकघरात शिरता येईना.

रागावू नका, पण भाऊजींनी तुमचं टेबल आवरलं. दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशीनच्या स्प्रिंगा, चकत्या, सगळं भंगार म्हणून टाकलं. मी धावत जाईपर्यंत अर्धं गेलं होतं. चांगल्या स्प्रिंगाही गेल्या हो. त्यांचा तरी काय दोष? आवरायला घेतलं की कुठे थांबावं ते कळत नाही माणसाला. डॉक्टर म्हणतात, त्या पेशींचंही तसंच. तुटलेल्याबरोबर धडधाकटही गिळून बसतात कधीकधी. मी मनात म्हटलं, म्हणजे आमचे भाऊजीच की.

हसलात का? … बरं, असू दे.

सगळे होते तेव्हा वाटायचं, कधी एकदा जातायत. आणि आज भाऊजींची बॅग दाराबाहेर पडली नि मला घर खायला उठलं. मग काय केलं सांगू? ते पायाचं मशीन चालवत बसले. कापड नाही, दोरा नाही, नुसतंच. काहीतरी आवाज हवा ना घरात.

कोपऱ्यावरची शिंपीण रोज विचारते, कधी येणार म्हणून. मी म्हणते, येतीलच. दुसरं काय सांगू? तुम्हीच उठा आणि सांगा तिला. मला नाही जमत हो एकटीला… अहो, ऐका ना… मला खरंच नाही…

हॅलो? … हां, सिस्टर. … काय?

चोवीस?

आत्ता? मी बोलत होते तेव्हा? … कालही? … मग मला आधी का नाही…

नाही, नाही, तुमच्यावर नाही रागावत. काल थोडाच चढला होता, माझ्यासाठी म्हणून तुम्ही चालवून घेतलंत… कळतंय मला. … म्हणजे ऐकू जातंय त्यांना. असंच ना? … नक्की नाही सांगता येत, हो. पण माझ्या आवाजावरच चढतो ना? म्हणजे ओळखतात.

उतरेल ना? … मी गप्प राहिले की उतरतो. … बरं. नाही बोलत. … उद्याही नाही. सूज उतरेपर्यंत नाही बोलणार.

सिस्टर, लगेच नका ठेवू. कानाशी नको, पायथ्याशी ठेवा नुसता. चकार शब्द काढणार नाही. खोकला आला तर उशीत तोंड खुपसेन. मला फक्त तिथला आवाज येऊ दे… मशीनचा तर मशीनचा. तेच त्यांना श्वास देतंय ना? … ठेवा.

…

…

…

हां, बोला. बाहेर आलात ना तुम्ही? तिथून नका बोलू… एकोणीस? … परत सांगा. … एकोणीस.

नाही, रडत नाहीये. ताप आहे ना, नाक वाहतंय.

नको, उद्या फोन नका करू. आकडा तेवढा मेसेज करा. … हो, जेवते. … खरंच जेवते.

जा तुम्ही त्यांच्याजवळ. फोन मी ठेवते.