काढ्यातली गोळी

नाही नाही, ते लिहू नका डॉक्टर — 'काढा चालू ठेवा' असं कागदावर लिहून देऊ नका, आमचे हे त्याला फ्रेम करतील. दार लावू का? ते मशीनवर गेलेत ना, लघवीचा जोर मोजायला — लागेल वेळ, बाहेर कुणी उभं असलं की त्यांना होत नाही, घरी मलासुद्धा गॅलरीत पाठवतात. तेवढ्यात बोलते. तुम्ही मराठी बोलता ते बरं झालं, तंजावूरचं का असेना. इतकी वर्षं इथे चेन्नईजवळ, आवडी गावात राहून माझं तमिळ भाजीपुरतंच, त्यात हे सांगता आलं नसतं. ह्यांना तर बाई डॉक्टर बघून घाम फुटला, दारातूनच परत फिरत होते — प्रोस्टेटला बाई कशाला म्हणे. मी म्हटलं, आजवर तुमचं सगळं बाईनंच सांभाळलंय, चला आत.

तर रक्ताचा रिपोर्ट, तो प्रोस्टेटचा पीएसए. तीन पूर्णांक आठ, नॉर्मल, बरोबर? हे म्हणणार, काढ्याचा गुण. गोखरू, वरुणाची साल, पुनर्नवा — आवडीला नाट्टु मरुंदुचं दुकान आहे, झाडपाल्याच्या औषधांचं, तिथला माणूस ह्यांना बघून आता उठून उभा राहतो. का नाही राहणार, सकाळी फिरायला येणारे सगळे पेन्शनर ह्यांनी तिथे नेऊन सोडले. दत्तोपंतांचा काढा असंच नाव पडलंय त्याला. आधी रात्री पाचदा उठायचे, आता एकदा — हा आकडा अख्ख्या पार्कला पाठ आहे, लाज म्हणून नाही. आणि तोच काढा घेऊन शेजारच्या वेंकटचं काय झालं? आपल्या गोळ्या सोडून काढ्यावर आला, गेल्या महिन्यात लघवी तुंबली, नळी घालावी लागली बिचाऱ्याला. हे म्हणाले, वेंकटनं प्रमाण चुकवलं. प्रमाण कसलं चुकवतोय तो. त्याच्या काढ्यात गोळी नव्हती.

हो. गोळी. अशा बघू नका. ही घ्या, पर्समध्येच असते पट्टी. आधीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. ह्यांनी खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद भिंग लावून वाचला, त्यात होतं की इच्छा कमी होऊ शकते. झालं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, कमरेला पट्टा, वरचे दात पेल्यात — आणि काळजी कसली, तर ह्याची. खोकं थेट कचऱ्यात. मी ते उचललं, पुसलं, आणि रोज सकाळी एक गोळी खलात कुटून काढ्यात टाकायला लागले. काढा इतका कडू की त्यात खिळा उगाळला तरी कळायचं नाही. किती दिवस? दिवस कसले — गणपतीच्या आधीपासून, नऊ महिने होतील.

सांगितलं का नाही? सांगणारच होते. दिवाळीला सांगणार होते. पण फराळाला आलेल्या मंडळींसमोर हे म्हणाले, कुमुदिनीच्या हाताला गुण आहे. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. लाडू केले तर तूप जास्त, मुलगी झाली तर नाक माझ्यावर गेलं — आणि आता एकदम हाताला गुण. मला आवडलं हो ते. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. दुसऱ्या दिवशी गोळी कुटताना मी चक्क गुणगुणत होते. पण वेंकटचं झाल्यापासून घास गोड लागत नाही.

काय म्हणालात? दुप्पट? ह्या गोळीनं आकडा निम्मा दिसतो? म्हणजे तीन पूर्णांक आठ नाही — सात पूर्णांक सहा धरायचा. आणि तो नॉर्मल नाही. अरे देवा. म्हणजे नऊ महिने एका हातानं मी त्यांना बरं करत होते आणि दुसऱ्या हातानं रिपोर्ट झाकत होते. एमआरआय, आणि मग वाटलंच तर तुकडा काढून तपासायचा. कॅन्सर म्हणा की सरळ, मी काही खुर्चीवरून पडणार नाही. असेलच असं नाही — बरं. नसेलच असंही नाही — तेही बरं.

मग तुम्हीच सांगा ना त्यांना. मशीनवर काहीतरी दिसलं म्हणून सांगा, गोळीचं कशाला काढायचं? नाही म्हणता. हं. बरोबर आहे तुमचं. नॉर्मल रिपोर्ट हातात असताना ते कुणाला सुई टोचू देणार आहेत? कारखान्यात सगळी नोकरी तपासणी विभागात गेली त्यांची. दोनदा मोजल्याशिवाय एक नट पास केला नाही, साहेबांशी भांडले पण नाही केला. आजही दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचल्याशिवाय चहा ठेवू देत नाहीत. आणि माझ्या हातातला पेला घेतात तो डोळे मिटून, एका घोटात, काय आहे म्हणून एकदाही विचारलं नाही. भीती कॅन्सरची वाटते आहेच डॉक्टर, पण उद्यापासून ते पेला घेऊन आधी वास घेतील ना —

आले. या. झालं? बसा इकडे, माझ्याशेजारी. नाही, धार किती आली ते नंतर, ते मशीन सांगेल डॉक्टरांना. तुम्ही आधी बसा हो. चष्मा घाला आणि माझ्याकडे बघा. डॉक्टर, तुम्ही जरा दोन मिनिटं बाहेर थांबता का?