रॉस्कोचं कुंपण

ओहायोतल्या आमच्या गावी लायसन्सच्या रांगेत माझ्यापुढे सत्तरीचा व्हर्लिन आणि त्याची बायको ओडेला उभी होती.

“खिडकीतल्या बाईंना विचारतोच. इतकी वर्षं गाडीचा विमा भरतोय, मग आपल्या खुराड्याची भरपाई का नाही?”

“व्हर्लिन, राज्याने सक्ती केलीय तेवढाच विमा तू घेतलास. तो दुसऱ्याचं नुकसान भरून देतो. खुराडं आपलं, धडकलास तूच.”

“अगं, शेजारच्या रॉस्कोचं कुंपण वाचवायला मी गाडी वळवली!”

“तेच तर! सरळ गेला असतास, तर विम्यातून त्याचं कुंपण नवं झालं असतं.”

“म्हणजे माझा चांगुलपणाच नडला?”

“तीन दिवस नऊ कोंबड्या माझ्या न्हाणीघरात आहेत. चांगुलपणाचं मला सांगू नकोस.”

“रॉस्कोने निदान आभार तरी मानायचे! माझ्याशी बोलतसुद्धा नाही.”

“कसा बोलेल? कुंपण पार कुजलंय त्याचं. काल मला म्हणाला, ‘ओडेला, आयुष्यात एकदाच तुझा नवरा माझ्या कुंपणावर चालून आला, आणि ऐन वेळी वळला गं!’”