वॉटर पार्कचा चौथा मालक

हसा, हसा! पण जळकोट रोडवरचा वॉटर पार्क मी घेतला, तो सरकारी कागद बघून.

भर दुष्काळ होता, पोहायच्या हौदात तूर वाळत घातलेली. मी तिसऱ्या मालकाला विचारलं, "शेठ, पाणी कुठं हाय?"

त्यानं लॅमिनेट केलेली नोटीस पुढं केली. 'पाण्याची उधळपट्टी तात्काळ थांबवावी.'

"पाणीच नसतं, तर सरकारनं थांबवलं असतं का? वरून आपला तालुका जिल्हा होणार हाय!"

पटलं मला. शिकलेला माणूस ना मी!

जिल्हा झाला न्हाई, बोअरला थेंब न्हाई. नंतर कळलं, तहसीलच्या साहेबांनी गेटवरचा 'वॉटर पार्क' बोर्ड वाचूनच नोटीस काढलेली. आता मी रोज हपिसात हात जोडतो, "साहेब, मलाबी एक ताजी नोटीस द्या की. पार्क घ्यायला गिऱ्हाईक बसलंय."