आत मीटिंग चालू हाय

न्हाय न्हाय पाव्हणं, हाक मारू नका, बसा तुमी — आत मीटिंग चालू हाय रुद्रेशची, दार लावलेलं दिसतंय न्हवं, तवर चहा घ्या. भाचीसाठी नवरा बघायला आलात तर पोराला बघूनच जावा की, तुमचं उमरगा कुठं पळून चाललंय. काय इचारलंत? कंपनीचा कार्यक्रम ऑनलाइन म्हंजी कसा? आवं, मला इचारा. म्या कल्याणप्पा मंडपवाला — जळकोटपासून नळदुर्गापर्यंत कुठल्या बी कंपनीचा मेळावा असू द्या, मंडप माझा, खुर्च्या माझ्या, पडदा माझा — आन माझंच पोरगं मला म्हणायचं, अप्पा, आता कंपन्या समदे कार्यक्रम ऑनलाइनच घेणार. माझ्याच पोटावर पाय, पर चांगल्याला चांगलं म्हणावं माणसानं. फायदे लई हायत. पुण्याला जायला नको, हॉटेलात उतरायला नको, जेवणावळ नको, जेवणावळीतली रुसवी-फुगवी नको. साहेब पुढच्या सोफ्यावर आन पोरं मागं उभी, असं बी न्हाय, पडद्यावर समद्यांना चौकट सारखीच. घ्या, बिस्कीट घ्या.

मागच्या वर्षी कंपनीचं संमेलन झालं ते असंच. रुद्रेश त्या आतल्याच खोलीत बसलेला — वर टाय, खाली लुंगी — हसा की, हसा, त्यो बी एक फायदाच हाय — आन त्याचं नाव पुकारलं बगा, चांगलं काम केलं म्हणून इनाम. बघायला कोण, तर म्या आन त्याची आय, नीलम्मा. ती तर रडायलाच लागली. म्या गावात सांगितलं, तर बलभीम मास्तर चारचौघांत म्हणतो, कल्याणप्पा, घरात बसून इनाम मिळतंय व्हय कुठं? लागलं माझ्या मनाला. म्हणलं, थांब मास्तर, पुढच्या खेपेला तुला पयल्या रांगेत बसवून दाखवतो.

तर औंदा पुन्हा निरोप आला कंपनीचा, समद्यांनी हजर राहायचं, कुणी बी चुकवायचं न्हाय. मग काय, म्या हितंच दारापुढं मंडप घातला — तुमी बसलाय न्हवं, हितंच. रुद्रेश म्हणत होता, अप्पा नको, ह्या खेपेला मीटिंग कशाची हाय कळंना. म्या म्हणलं, लाजतंय पोरगं. लगनात लावतो त्यो मोठा पडदा लावला, त्याच्या लॅपटॉपला वायर जोडली, पेढे आणले, हलगीवाला बोलावला. आन रुद्रेशच्या खात्याचं विंग्रजी नाव, ते गावाकडनं पाठच करून घेतलं — म्हणलं, विंग्रजीतलं बाकी काय कळू दे न्हाय तर न कळू दे, हे नाव कानावर आलं की टाळ्या. लई बरा झाला कार्यक्रम. व्हय, सत्कार झाला की — शाल झाली, नारळ झाला. आता कंपनीनं म्हंजी — न्हाय, शाल म्याच घातली. कंपनी कुठनं घालंल शाल, ऑनलाइन हाय न्हवं.

असं बघू नका माझ्याकडं. सांगतो. एक बाई आली पडद्यावर, लई मऊ बोलायची, मधीच थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा बोलायची. मला वाटलं, मायाळू हाय बाई. आन मग तिनं घेतलं की खात्याचं नाव — आन गावानं ज्या टाळ्या वाजवल्या, पाव्हणं, हलगी घुमायला लागली, म्हातारी माणसं उठून उभी राहिली. म्या पोराच्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला. पोरगं नारळ धरून पडद्याकडंच बघत बसलेलं. पयला निघाला त्यो बलभीम मास्तर. त्याला विंग्रजी कळतंय. हातातला पेढा खुर्चीवर ठेवला आन मान खाली घालून चालता झाला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तवा रुद्रेश मला म्हणला, "अप्पा, हलगी थांबवा. आमचं अख्खं खातं बंद केलं त्यांनी."

तिकडं कुणाला बी कळलं न्हाय बगा. इकडचा आवाज बंद होता. ह्यो बी फायदाच म्हणायचा — गाव टाळ्या वाजवतंय आन बाई आपली सांगतीया. म्या उभ्या जन्मात किती मेळावे बघितले, पर समोरच्या माणसाच्या तोंडाकडं बघून असलं बोलायला भल्याभल्या साहेबांची जीभ उचलत न्हाय. पडद्यावर तोंडच बघाय लागत न्हाय. खरा फायदा त्योच हाय, बाकीचं हॉटेल-बिटेल सांगायला.

तुमाला ठाऊक होतं. व्हय न्हवं? हायवेला चहा प्यालात तवाच सांगितलं असंल कुणी तरी — असू द्या, रागावत न्हाय म्या. गावच होतं मंडपात, कुणाकुणाचं तोंड धरू. तरी तुमी फाटकाच्या आत आलात, बसलात, ह्याच्या आधीचे तर फाटकातनंच माघारी गेले. दुसरी लागंल नोकरी, न्हाय असं न्हाय. अर्ज करतो त्यो. तिकडनं काय येत न्हाय, पर करतो. म्या म्हणलं, नसंल तर मंडपाचं बघ माझ्या बरूबर, तर म्हणतो, अप्पा, ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनाच खुर्च्या मांडू काय. मंडप बी कोण घालून घेतंय म्हणा आता.

उठलात? चहा तसाच ऱ्हायला. बरं — तुमच्या भाचीला, सृष्टीला सांगा, पोरगं वाईट न्हाय म्हणावं. न सांगितलं तरी चालंल. आवं, तिकडं कुठं — दाराकडं नका जाऊ, निरोप म्या सांगतो, पाव्हणं, ऐका माझं. मीटिंग न्हाय आत. सकाळी दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, आत जाऊन दार लावून घेतो. नीलम्मा चहा उंबऱ्यावर ठेवती, टकटक बी करत न्हाय. आमी दोघं सांजपातुर हळूच बोलतो, त्याचं काम चालू असल्यावानी. लॅपटॉप कंपनीचा होता, पाव्हणं. त्यांनी माणूस धाडून कवाच माघारी नेला.

जावा आता. चपला तेवढ्या फाटकाबाहेर जाऊन घाला, आत त्याला आवाज जातुया.