रक्ताचा डिंक

देवाशपथ, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे! चौऱ्याहत्तर साली बालीगंजच्या एका इस्पितळात मी गुडघा दाखवायला बसले होते. शेजारी चक्क मराठी बोलणारे सासू-जावई.

"श्यामकांतराव, प्रेमलताच्या भाजलेल्या हातावर मांडीची कातडी म्हणे डिंकानं चिकटवलीय?"

"डिंकासारखंच काहीतरी, आई. बोटांच्या बेचक्यात टाके नीट बसत नाहीत."

"पण कशाचा डिंक? या बंगाल्यांच्या गावात माशाशिवाय पान हलत नाही हो!"

"मासा नाही. तिच्याच रक्तातून काढलाय. रक्त गोठताना धरतं, तसं हे कातडीला धरतं."

"आधीच पाप्याचं पितर ती! माझं घ्यायचं होतं."

"तिचंच हवं म्हणाले डॉक्टर. आता पट्टी सोडतायत. आत चला ना, ऑपरेशनपासून इथंच बसलायत."

"नको. कातडी धरली नसेल तर?"

"हात हलला नसेल तर धरलीच असणार."

"तेच तर! मी दिसले की ती बोलणार, आणि बोलली की हात नाचवणार. माझंच वळण!"

"आई, तुमचे हात कुठायत?"

"त्यांच्यावरच बसलेय. तुम्ही जा."

तो आत गेला. थोड्या वेळानं नर्स हसत आली, "लेगे गेछे, माशिमा!" म्हणजे कातडी धरली, मावशी!

बरं बाई, ती नर्स तेवढी मी पदरची घातलेली. मी गुडघा दाखवून परत आले, तेव्हा दार बंदच होतं, आणि बाई तशीच हातांवर बसलेली.