अकोल्याची बस लागेपर्यंत

अमरावतीच्या स्टँडवर बसलेल्या दामिनीबाईंच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं येत होतं. मायलेकी होत्या. बारावी झालेली लेक अकोल्याला कॉलेजात निघाली होती, आणि तिच्या नव्या कोऱ्या बॅगेचा पट्टा मायनं घट्ट धरून ठेवला होता.

"मोनाली, समज मी तुही माय नाई. होस्टेलात तुह्या खोलीतली पोरगी हाय. बोल माह्यासंग."

"पुन्हा? महिनाभर हेच करून राहिलो आपन."

"बोल नं वं."

"माहं नाव मोनाली. गाव धामणगाव. तुहं?"

"खाली पाहून नको बोलू. आन् तुह्या बोलन्याले कोनी हासलं तं?"

"मीबी हासीन."

"रोजच हासलं तं?"

"तुले फोन करीन."

"फोनवर काय म्हनशीन? बरं हाय म्हनून?"

"नाई. रडू आलं तं रडू आलं म्हनीन."

"शाब्बास."

"आता मी इचारतो. समज मी शेजारची काकू हाय. मोनाली गेली, घरात तू एकटी. रुख्मिणीबाई, जेवल्या काय?"

"हो, जेवलो नं."

"काय केलं होतं?"

"हा पट्टा ढिला झाला वाट्टे तुह्या बॅगेचा."

"सांग नं माय."

"बस लागली पाय. चाल, ऊठ."

"लागू दे. पुन्हा इचारतो. रुख्मिणीबाई, जेवल्या काय?"

"नाई जेवलो बापा. रडू आलं."